ओसरीवरून पाहिलेली दोन गावे

सातारा आणि सांगली ही आज दोन निरनिराळ्या जिल्ह्यांची मुख्य ठिकाणे असली, तरी त्यांच्यामधील सरहद्द फार जुनी नाही. १ ऑगस्ट १९४९ रोजी सातारा जिल्ह्याचा दक्षिण भाग, आसपासच्या विलीन झालेल्या संस्थानांच्या मुलुखासह, वेगळा काढून दक्षिण सातारा हा जिल्हा करण्यात आला आणि १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. दप्तरात रेघ ओढली गेली, पण कृष्णेने ती मानली नाही. माहुलीस वेण्णेला, कऱ्हाडास कोयनेला आणि हरिपुरास वारणेला पोटाशी घेत ती पूर्वीसारखीच वाहत राहिली, आणि तिच्या दोन्ही काठांवरील घराण्यांमध्ये मुली देण्याघेण्याचा परिपाठही पूर्वीसारखाच चालू राहिला. त्यामुळे साताऱ्यात एखाद्या घरी उतरलेल्या पाहुण्यास सांगलीत कोठे जावे याची विवंचना करावी लागत नाही. यजमानीणबाईंचे माहेर नाहीतर यजमानांच्या बहिणीचे सासर तेथे असतेच. आम्हां मित्रांचा दिवाळीच्या सुटीतील मुक्काम असाच एका ओसरीवरून दुसऱ्या ओसरीवर गेला, आणि जाताना निरोपाबरोबर आमच्या खाण्यापिण्याच्या सवयींचा तपशीलही आमच्या आधी सांगलीस पोहोचला होता.

दोन्ही शहरांत उतारूंसाठी चांगली हॉटेले आहेत आणि त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. परंतु भाड्याच्या खोलीत राहणारा मनुष्य शहराच्या दर्शनी दाराने आत येतो आणि बहुधा त्याच दाराने बाहेर पडतो. घरात राहणाऱ्यास नळाला पाणी किती वाजता येते, दूध कोणत्या वाडीहून येते, कोणता सण कोणत्या घरी कसा पाळतात आणि शेजारच्या दारावरून जाताना आवाज का खाली येतो, हे सारे न विचारता कळते. त्याहूनही एक महत्त्वाची गोष्ट या मुक्कामात माझ्या ध्यानी आली, आणि हा लेख तिच्यासाठीच लिहीत आहे. या दोन जिल्ह्यांत गेल्या दोन शतकांत जे जे मोठे म्हणून घडले, त्यातील पुष्कळसे कोणीतरी परक्या माणसास घरात घेतले म्हणून घडले आहे. आणि जेथे दार उघडले गेले नाही, तेथील दुःखाचीही नोंद याच भूमीत राहिली आहे.

साताऱ्याचे आमचे बिऱ्हाड अजिंक्यताऱ्याच्या उत्तर पायथ्याशी, चढउताराच्या एका पेठेत होते. शिलाहारांच्या काळापर्यंत मूळ सांगितला जाणारा हा किल्ला शिवाजी महाराजांनी १६७३ साली घेतला. औरंगजेबाने १६९९च्या अखेरीस त्यास वेढा घातला आणि १७००च्या एप्रिलात तो पडला, तेव्हा बादशहाने शहाजाद्याच्या नावावरून त्याचे आझमतारा असे नामकरण केले. मराठ्यांनी तो परत मिळविला. पुढे मोगलांच्या छावणीत बालपण आणि तारुण्याचा आरंभ काढून १७०७ साली सुटलेल्या शाहू महाराजांचा १७०८ साली येथेच राज्याभिषेक झाला, आणि यथावकाश किल्ल्याखालच्या उतरणीवर शाहूनगर वसले. आयुष्याची इतकी वर्षे ज्याने परक्याच्या तंबूत घालविली, त्या राजाने वसविलेल्या या नगरात बाहेरून आलेल्या कारागीर, सावकार आणि कारकुनांना जागा मिळत गेली. यादोगोपाळ, व्यंकटपुरा, चिमणपुरा, बसाप्पा, मल्हार ही पेठांची नावे चालता चालता वाचली, तरी हे गाव किती ठिकाणच्या माणसांनी भरले असेल याची कल्पना येते.

घरातील आजींचे वेळापत्रक डोंगरांवर अवलंबून होते. पश्चिमेस यवतेश्वराच्या माथ्यावर ढग टेकले, की त्या वाळत घातलेले कपडे आत आणवीत. पाण्याचे नाव निघाले, की त्यांचा चेहरा अभिमानाने उजळे. शहराच्या मोठ्या भागास कासच्या तलावातून येणारे पाणी उंचावरून केवळ उताराच्या बळावर खाली येते, त्यास उपसण्यासाठी वीज लागत नाही. ही गोष्ट त्यांनी आम्हांस पहिल्याच सकाळी, चहाच्या आधी, सांगितली. कासचे पठार बाहेरच्या माणसास फुलांमुळे ठाऊक असते. पश्चिम घाटाचा एक भाग म्हणून २०१२ साली ते जागतिक वारशात गेले, आणि ऑगस्टअखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत तेथे जाणाऱ्यांना आगाऊ नोंदणी करावी लागते. आजींच्या लेखी मात्र कास म्हणजे माठातले पाणी. दिवाळीत फुलांचा बहर ओसरलेला असतो, तरी त्या बाजूस आवर्जून जावे, कारण फुलांच्या हंगामात जी गर्दी असते ती या वेळी नसते आणि जांभ्या खडकावरचा पातळ मातीचा थर, ज्यावर हे सारे वैभव दरवर्षी उगवते, तो उघड्या डोळ्यांनी पाहता येतो.

जेवणात कोरेगावाकडच्या वाघ्या घेवड्याची आमटी, बाजरीची भाकरी आणि खर्डा हा त्रिवेणी संगम होता. “किल्ला कुठं पळून जातोय? आधी पोटभर जेवा, मग निघा,” असे काकूंनी बजावले, आणि त्या आज्ञेपुढे कोणाचे काही चालले नाही. कंदी पेढ्याविषयी इतके लिहिले गेले आहे, की त्यात भर घालणे नको. फक्त तो ताजा खावा आणि घरच्या माणसांना कोणत्या दुकानाचा आवडतो ते विचारून मगच घ्यावा, कारण या बाबतीत प्रत्येक सातारकराचे मत ठाम असते.

गावाजवळच्या पाहण्याजोग्या ठिकाणांपैकी लिंब येथील बारा मोटांच्या विहिरीस अर्धा दिवस द्यावा. शाहू महाराजांच्या परिवारातील वीरूबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ या काळात ती बांधविली. सुमारे ११० फूट खोल आणि ५० फूट व्यासाची ही अष्टकोनी विहीर आमराईच्या शिंपणासाठी होती. पण बांधणाऱ्याने तिच्या पोटातच दगडी महाल घडविला, म्हणजे एकीकडे मोटा चालत असताना दुसरीकडे बसावयास गारवा. पाणी काढण्याचे काम आणि पाण्याकाठी विसावण्याचे सुख एकाच रचनेत बसविणाऱ्या त्या स्थपतीची दृष्टी मला विलक्षण वाटली. माहुलीस कृष्णा-वेण्णेच्या संगमावर श्रीपतराव पंतप्रतिनिधींनी १७३५ साली बांधलेले विश्वेश्वराचे देऊळ आहे. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे याच माहुलीचे. तेथे सायंकाळी जावे.

पण साताऱ्यातील माझे सर्वांत मोठे दर्शन एका शाळेचे होते. राजवाड्यात भरत असलेल्या आणि पुढे प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखल्या गेलेल्या त्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव आंबेडकरांचे नाव दाखल झाले. तो दिवस महाराष्ट्रात आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्या नोंदीनंतरच्या वर्षी, १९०१ साली, उन्हाळ्याच्या सुटीत हा मुलगा, त्याचा थोरला भाऊ आणि बहिणीची दोन मुले साताऱ्याहून वडिलांकडे निघाली. वडील रामजी सुभेदार खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे दुष्काळी कामाच्या तलावावर खजिनदार होते. नव्या कपड्यांत नटलेली ही मुले मसूर स्थानकावर उतरली, पण त्यांचे पत्र वडिलांना वेळेवर मिळाले नव्हते, त्यामुळे न्यायला कोणी आले नाही. जात कळताच स्थानकप्रमुख दूर झाला. गाडीवान त्यांना गाडीत घेऊन हाकावयास तयार होईनात. अखेर दुप्पट भाडे देऊन आणि गाडी मुलांनीच हाकावी व गाडीवानाने पायी चालावे अशा अटीवर ती निघाली. शिदोरी बरोबर होती, परंतु प्यावयास स्वच्छ पाणी कोणी दिले नाही, आणि जकात नाक्यावर रात्र काढून मुले उपाशीच राहिली. डॉ. आंबेडकरांनी ही हकीकत पुढे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आपल्या आत्मकथनपर लेखनात नोंदविली आहे. सुटीच्या दिवसांत, बरोबरीच्या मुलांसह, हौसेने निघालेला तो प्रवास होता. आम्ही त्याच जिल्ह्यात, तशाच सुटीत, दारोदारी चहा घेत हिंडत होतो, आणि ज्या सहजपणे आमच्यापुढे पाण्याचा तांब्या येत होता त्या सहजपणाची किंमत मला त्या शाळेच्या दारात उभे राहून कळली. पाहुणचाराविषयी लिहिताना ही हकीकत वगळणे मला अप्रामाणिक वाटते.

या बंद दारांना ज्यांनी आयुष्यभर धक्के दिले, त्या भाऊराव पाटलांचे कार्य दोन्ही जिल्ह्यांत पसरले आहे. पूर्वी गरीब ब्राह्मण विद्यार्थी गावात वार लावून जेवीत, म्हणजे सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी; पण ज्याच्या जातीला वार देणारे घरच गावात नव्हते, त्या मुलाने शिकावे कसे? भाऊरावांनी १९१० च्या सुमारास आज सांगली जिल्ह्यात असलेल्या दुधगाव येथे विद्यार्थ्यांच्या आश्रमाच्या कामात आरंभ केला, १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ साली ती साताऱ्यास आणून सर्व जातिधर्मांच्या मुलांचे वसतिगृह चालविले. तेथे मुले एकाच चुलीवर शिजवीत आणि एकाच पंगतीत बसत. १९२७ साली महात्मा गांधींनी या वसतिगृहास भेट दिली आणि त्यास कोल्हापूरच्या राजर्षी शाहू छत्रपतींचे नाव देण्यात आले. वसतिगृहाचा हा संसार ज्यांनी खरोखर सांभाळला त्या भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई. त्या सोवळ्याओवळ्याचे संस्कार असलेल्या जैन घराण्यात वाढल्या होत्या; ते संस्कार बाजूस सारून त्यांनी सर्व मुलांना पोटच्या मुलांप्रमाणे वाढविले, आणि मुलांसाठी धान्य भरावयास पैसा उरला नाही तेव्हा आपले मंगळसूत्रही मोडले. १९३० साली त्यांचे निधन झाले. संस्थेचा वटवृक्ष आज सर्वांस दिसतो. त्याच्या मुळाशी एका बाईचे स्वयंपाकघर आहे, ही गोष्ट प्रत्येक यात्रेकरूने साताऱ्यात स्मरावी अशी माझी विनंती आहे.

त्याच जिल्ह्यात, पाचगणी-महाबळेश्वरच्या वाटेवर, भिलार येथे २०१७ साली पुस्तकांचे गाव सुरू झाले. स्ट्रॉबेरी पिकविणाऱ्या तेथील गावकऱ्यांनी आपल्या घरांच्या खोल्या, पडव्या, देवळे पुस्तकांसाठी मोकळी केली, आणि कोणीही अनोळखी वाचक आत जाऊन तेथे वाचीत बसू शकतो. आमच्यापैकी एक मित्र एका घरी दुपारभर वाचीत बसला. घरच्या सूनबाई त्याच्या बाजूने धुणे घेऊन ये-जा करीत होत्या आणि दोघांनाही त्यात काही वावगे वाटले नाही.

साताऱ्याहून सांगलीस एसटीने जाता येते, पण आम्ही आगगाडी पत्करली, जरी साताऱ्याचे स्थानक गावापासून बरेच दूर पडते. कऱ्हाड मागे पडले, की शेणोली, ताकारी, किर्लोस्करवाडी ही स्थानके लागतात आणि दोन्ही बाजूंस ऊस सुरू होतो. हा १९४३ ते १९४६ या काळातील, ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या प्रतिसरकारचा मुलूख. क्रांतिसिंह नाना पाटील आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षे भूमिगत राहिले, गावोगावी न्यायदान केले, शेणोलीजवळ सरकारी गाडी अडविली. हे सारे इतिहासात येते. त्यांना रात्री-अपरात्री भाकरी कोणी दिली, पहाटे पोलीस येण्यापूर्वी मागच्या दाराने कोणी बाहेर काढले, त्यांच्या नावांची यादी कोठेही लागलेली नाही. इनामाच्या लोभाने एखाद्या घराने दार लावून घेतले असते तर त्या चळवळीचे आयुष्य फार थोडे ठरले असते. डब्यात भेटलेले एक शेतकरी आजोबा आपल्या आईविषयी सांगत होते: “आई दोन चार भाकरी नेहमी जास्त थापायची. कुणासाठी, ते विचारायचं नाही, असा दंडक होता.”

सांगलीतील घर गावभागात, नदीपासून थोड्या अंतरावर होते. दारातून आत शिरताच डाव्या हाताच्या भिंतीवर पुरुषभर उंचीहून वर रंगाची एक रेघ दिसली. ती २०१९ च्या ऑगस्टातील महापुराची. सांगलीचा माणूस कृष्णेचे पाणी आयर्विन पुलाच्या फुटांत मोजतो. १९२९ साली खुल्या झालेल्या या पुलापाशी ४५ फूट ही धोक्याची पातळी. २००५ मध्ये पाणी ५३ फुटांच्या पुढे गेले आणि २०१९ मध्ये ५७ फुटांवर पोहोचले. त्या दिवसांत यजमान कुटुंब विश्रामबागेकडील एका घरी राहिले होते, आणि त्या घराशी त्यांची पूर्वीची ओळख केवळ दुकानदार आणि गिऱ्हाईक एवढीच होती. “त्यांनी विचारलंसुद्धा नाही, किती जण आहात म्हणून,” काका म्हणाले. आता दोन्ही घरांत दिवाळीच्या फराळाची ताटे एकमेकांकडे जातात.

संध्याकाळी जेवणास कृष्णाकाठची भरली वांगी होती. पांढरट हिरव्या अंगाच्या, कोवळ्या बियांच्या या वांग्यांची चव गाळाच्या जमिनीची आहे असे म्हणतात, आणि शाळूच्या भाकरीबरोबर ती खाल्ल्यावर ते म्हणणे खोडावेसे वाटत नाही.

सांगली संस्थान १८०१ साली मिरजेपासून वेगळे झाले आणि चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनी येथे गणेशदुर्ग व कृष्णाकाठचे गणपतीचे देऊळ उभारून राजधानी वसविली. परंतु त्यांचे नाव महाराष्ट्रात अमर झाले ते एका पाहुण्या मंडळीमुळे. १८४२ साली होनावरकडील कर्की गावची भागवत मंडळी सांगलीत आली आणि तिने दरबारात आपले खेळ केले. ते पाहून, असेच काही मराठीत व्हावे, अशी इच्छा आप्पासाहेबांनी आपल्या पदरच्या विष्णू अमृत ऊर्फ विष्णुदास भावे या तरुणापाशी व्यक्त केली. त्यातून ५ नोव्हेंबर १८४३ रोजी ‘सीता स्वयंवर’ हा प्रयोग झाला आणि मराठी नाटकाचा आरंभ त्या दिवसापासून मानला गेला. कानडी मुलुखातून आलेल्या नटांना सांगलीने मुक्काम आणि मान दिला नसता, तर आपल्या रंगभूमीचा जन्म केव्हा आणि कोठे झाला असता हे कोण सांगणार? १८५१ साली आप्पासाहेब वारले, राजाश्रय आटला, तेव्हा विष्णुदासांनी आपली मंडळी घेऊन गावोगाव प्रयोग केले आणि १८५३ साली मुंबई गाठली. पाहुण्यांकडून शिकलेली विद्या आता स्वतः पाहुणी होऊन फिरू लागली. ५ नोव्हेंबर हा रंगभूमी दिन अनेकदा दिवाळीच्या आगेमागेच येतो. त्या दिवशी भावे नाट्यमंदिरात एका रंगकर्मीस विष्णुदास भावे गौरवपदक दिले जाते. नाटकाविषयी आस्था असणाऱ्यांनी आपली सहल याच सुमारास आखावी.

हरिपूर सांगलीपासून इतके जवळ आहे, की पायी जावे. जुन्या झाडांच्या सावलीतून जाणारा रस्ता संगमेश्वराच्या देवळाशी, कृष्णा-वारणेच्या संगमावर, संपतो. गोविंद बल्लाळ देवल याच हरिपूरचे. बालाजरठ विवाहावर आघात करणारे त्यांचे ‘संगीत शारदा’ १८९९ साली रंगभूमीवर आले. हरिपुराचे दुसरे वैभव जमिनीखाली होते. येथील जमिनीत खोल पेवे खणून त्यांत हळद साठविली जाई. घट्ट, कोरड्या मातीच्या त्या पोटात ती किडीवाचून वर्षानुवर्षे टिके, आणि सांगलीची हळदपेठ देशात गाजण्यास या पेवांचा मोठा हातभार लागला. २००५ च्या पुराने पुष्कळ पेवे बुडाली आणि साठवण आता शीतगृहांकडे गेली आहे. २०१८ साली सांगलीच्या हळदीस भौगोलिक मानांकन मिळाले याचा आनंद आहे. तथापि एखादे पेव तरी जतन करून ते पाहुण्यांस दाखविण्याची तजवीज व्हावयास हवी.

मिरजेस सतारमेकर गल्लीत जाताना आमचे यजमान आमच्याबरोबर आले, आणि त्याचा फार उपयोग झाला. एरवी पाहुण्यास तयार सतार दाखवून वाटेस लावतात. ओळखीच्या माणसाबरोबर गेल्यास बसावयास चटई मिळते. शस्त्रे घडविणाऱ्या शिकलगारांचा धंदा संस्थानी काळात मंदावला, तेव्हा त्यांच्यातील कारागिरांनी तंतुवाद्ये हाती घेतली आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून मिरज सतार-तंबोऱ्यांसाठी नावारूपास आली. जवारी लावताना कारागीर एकच तार किती वेळा छेडतो आणि घोडी किती हलक्या हाताने घासतो, हे पाहिल्यावर तंबोऱ्यामागील श्रमाची जाणीव होते. उत्तरेतील कैराना येथून आलेले गायक उस्ताद अब्दुल करीम खाँ याच गावी स्थायिक झाले. १९३७ साली त्यांचे निधन झाल्यावर त्यांना ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन करण्यात आले, आणि तेथे त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी संगीतसभा भरते.

अशी सहल करू इच्छिणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. ज्यांची या भागात ओळख नाही त्यांनी राज्याच्या पर्यटन खात्याच्या न्याहारी-निवास योजनेतील घरे किंवा कृषी पर्यटन केंद्रे पाहावीत. तेथे पैसे मोकळेपणाने द्यावेत, कारण तो त्या कुटुंबाचा व्यवसाय आहे. ओळखीच्या घरी मात्र पैशाचे नाव काढू नये. घरातल्या वृद्धांसाठी काही न्यावे, मुलांसाठी पुस्तके न्यावीत, परतण्याची वेळ सकाळीच सांगावी आणि ती पाळावी, कारण काकू तुमच्या पानाची वाट पाहत असतात. पाण्याची वेळ विचारून अंघोळ उरकावी. जेवल्यावर ताट उचलण्यास हात पुढे करावा. नको म्हटले तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा करावा. मित्र चौघे असतील तर रात्री उशिरापर्यंत गप्पा रंगतात, त्या गच्चीवर रंगवाव्यात, शेजारच्या खोलीत आजी झोपलेल्या असतात. आणि आतिथ्याची फेड आतिथ्यानेच करावी, हा शिरस्ता पाळण्याची तयारी असेल तरच कोणाच्या घरी उतरावे.

आमच्या बाबतीत ती फेड लगेचच आली आहे. सांगलीच्या काकांचा धाकटा मुलगा जानेवारीत परीक्षेसाठी मुंबईस येत आहे. आमची जागा दोन खोल्यांची आहे. पुढच्या खोलीतील कपाट रिकामे करून तेथे त्याची खाट आणि अभ्यासाचा दिवा ठेवण्याचे ठरले आहे, आणि त्याला वांगी चालत नाहीत हे सांगलीहून आधीच कळविण्यात आले आहे.